रात्रीला रात्र राहू द्या

दिवाळीच्या अंकात काळोखाची वकिली करायला उभे राहणे म्हणजे लग्नाच्या मांडवात तेराव्याच्या जेवणाची गोष्ट काढण्यासारखे आहे, हे मला कळते. घरात फराळाच्या बशा फिरताहेत, दारात कंदील लागला आहे, पोरे फुलबाज्या घेऊन अंगणात (अंगण नसेल तर लिफ्टच्या दाराशी) नाचताहेत, आणि अशा वेळी एक म्हातारा फोटोग्राफर पुढे येऊन म्हणतो की, मंडळी, थोडा अंधार राहू द्या! वाचकांनी हे पान उलटून सरळ विनोदी कथेकडे जावे, अशीच ही सुरुवात झाली. पण तक्रार जुनी आहे, मनात पुष्कळ दिवस साचलेली आहे, आणि तिला दिवाळीइतका योग्य मुहूर्त दुसरा सापडायचा नाही. लक्ष्मीपूजन आपण पौर्णिमेला करीत नाही. आश्विनातल्या अमावस्येला करतो. ज्याने कोणी ही तिथी पहिल्यांदा ठरवली, त्याला फोटोग्राफी येत नसेल, पण उजेड कशावर शोभतो हे त्याला नक्की ठाऊक होते.

निमित्त झाले एका कॅलेंडरचे. मागच्या वर्षी कोणा परिचिताने भेट म्हणून दिले. विषय ‘रात्रीची मुंबई’. बारा पाने, बारा फोटो, कागद उत्तम, छपाई त्याहून उत्तम. मी बाराही पाने दोनदा चाळली, आणि शपथेवर सांगतो, बारा महिन्यांत मला एकही रात्र सापडली नाही! आभाळ होते, पण ते कुठे वांग्याच्या रंगाचे, तर कुठे ओल्या सिमेंटच्या. समुद्र होता, पण त्यात पाण्याऐवजी वितळलेले शिसे भरलेले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची ती थोर इमारत साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखी चकाकत होती, आणि तिच्या घुमटाभोवती एक पांढुरकी प्रभावळ होती, देवाच्या तसबिरीत देवाच्या मस्तकामागे असते तशी. रेल्वे स्टेशनाला प्रभावळ! रस्त्यावरचा एकेक पेव्हर ब्लॉक मोजून घ्यावा, झाडाच्या पानापानाची धार बोटाला लागावी, असा तो सगळा लखलखाट. एखाद्या मांजराने निवांत बसावे एवढीही सावली बाराही पानांत मिळून नव्हती.

या करामतीला एचडीआर म्हणतात, आणि तिच्या शेवटच्या, सगळ्यांत घातक पायरीला टोन मॅपिंग. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी, चकली खाता खाता वाचता येईल इतपत सांगतो.

रात्रीच्या शहरात उजेड आणि काळोख यांच्यातले अंतर अफाट असते. दुकानाच्या पाटीवरचा दिवा आणि त्याच दुकानाच्या फळीखालची जागा यांच्या तेजात हजारो पटींचा, कधी लाख पटींचाही फरक पडतो. एवढा पल्ला कॅमेऱ्याला एका दमात पेलत नाही. पाटी नीट घेतली तर फळीखाली नुसते डांबर; फळीखालचे घ्यायला जावे तर पाटी पांढरीफटक. म्हणून युक्ती अशी की, कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करायचा आणि त्याच दृश्याचे तीन फोटो घ्यायचे: एक बेताच्या उजेडाचा, एक त्याच्या चौपट, एक चौथाई. कोणी पाचही घेतात, सातही घेतात. मग प्रत्येकातला जो भाग नीट उमटला असेल तो वेचून संगणक त्यांचा एक फोटो जुळवतो. उजेड-काळोखाचा सगळा पल्ला त्यात शाबूत असतो. इथपर्यंत माझी काडीचीही तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. हा पल्ला दाखवायचा कशावर? चांगल्या चकचकीत कागदावरसुद्धा पांढरे हे काळ्याच्या शंभर-दीडशे पटींच्या आसपासच उजळ असते. संगणकाचा साधा पडदा त्याहून बरा, पण तोही लाखाची गोष्ट करू शकत नाही. म्हणजे लाखाचा ऐवज शंभराच्या डब्यात कोंबायचा; या कोंबण्याचे नाव टोन मॅपिंग. चाळीतल्या पोटमाळ्यावर गावाहून आलेली पाहुणेमंडळी चढवायची असतात ना, तसेच हे. माळा बुटका, तेव्हा वाकावे सगळ्यांनाच लागते. प्रश्न एवढाच की कोणी किती वाकायचे. एक रीत अशी की सगळ्यांनी सारख्या प्रमाणात वाकावे. मग उंच तो उंचच दिसतो, बुटका तो बुटका. दुसरी रीत अशी की प्रत्येकाला त्याच्या शेजाऱ्याकडे पाहून कमीजास्त करायचे: इथला उंच दाबा, तिथला बुटका उचला, म्हणजे जो तो छताला डोके टेकून उभा! फोटोत या दुसऱ्या रीतीने बारीकसारीक तपशील पुष्कळ दिसतो, पण मोठा भेद पुसला जातो. दिवा आणि दिव्याखालचा अंधार जवळपास एकाच उंचीचे होतात. आणि उजळ इमारत जिथे काळ्या आभाळाला भिडते त्या सीमेवर शेजाऱ्यांचा हा हिशेब गडबडतो आणि ती प्रभावळ उमटते. कॅलेंडरवाल्याने ती मुद्दाम काढली नव्हती. पण ती दिसत असूनही पुसली नाही, हे माझे म्हणणे.

कोणी म्हणेल, म्हातारबुवांना नवे काही सोसत नाही. तसे मुळीच नाही. आणि ही गोष्ट तितकीशी नवीही नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमाराला समुद्र एका काचेवर आणि आभाळ दुसऱ्या काचेवर घेऊन दोहोंचा मिळून एक फोटो छापला, कारण त्या काळच्या मसाल्याला दोन्ही एकदम झेपत नसत. संगणकाने वेगवेगळे फोटो जुळवून उजेडाचा खरा पल्ला कसा मिळवावा, याचा पाया घालणाऱ्या कामांतले एक मोठे काम १९९७ सालचे. ते करणाऱ्या दोघांत पॉल डेबेवेक यांच्याबरोबर आपल्या मथुरेत जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले जितेंद्र मलिक होते, याचा मला अभिमानच वाटतो. पुढे २००२ साली एरिक राइनहार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोन मॅपिंगची एक नावाजलेली रीत मांडली, ती तर अँसल अॅडम्सच्या ‘झोन’ पद्धतीवरून सुचलेली. अॅडम्सने फ्रेड आर्चरच्या जोडीने १९४० च्या सुमाराला उजेडाच्या शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या पाडल्या होत्या, आणि त्यातली शून्याची पायरी म्हणजे ठार काळे. ही पायरी त्याने विसरून ठेवलेली नव्हती. फोटोत कुठेतरी तिच्यावर पाय टेकलेला असेल तरच बाकीच्या दहांना अर्थ येतो. हत्यारे करणारी माणसे शहाणी होती. त्यांच्यामागून आलेल्यांनी त्या हत्याराच्या सगळ्या कळा शेवटपर्यंत फिरवून ठेवल्या, आणि शून्याची पायरीच उखडून टाकली!

आता प्रतिपक्षाचे ऐकू. वकिलाला ते टाळता येत नाही.

पहिला मुद्दा असा की, कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते डोळ्याला दिसते. तेव्हा एचडीआर म्हणजे डोळ्याने पाहिलेल्या सत्याकडे परतणेच होय. ऐकायला हे मोठे गोड आहे. परंतु डोळा एका वेळी सगळे पाहतच नाही. तो पाटीकडे पाहतो तेव्हा फळीखालचे त्याला दिसत नाही. फळीखाली पाहू लागला की जरा वेळाने तिथले उमगते, आणि तोवर पाटी नजरेतून सुटलेली असते. रात्री शहरातून चालणे म्हणजे हे असे दिसत-हरवत जाणे. शिवाय अगदी काळोखात आपल्याला रंग दिसत नाहीत. त्या उजेडात डोळ्यातल्या ज्या दंडपेशी काम करतात त्यांना रंग सांगता येत नाही, आणि त्यांना पुरते जागे व्हायलाही अर्धा तास लागतो. पुर्किन्ये नावाच्या बोहेमियातल्या शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी नोंदून ठेवले आहे की, उजेड कमी होत चालला की तांबडा रंग आधी काळवंडतो आणि निळा-हिरवा त्यामानाने उजळ वाटतो. तुम्हीही पाहिले असेल; संध्याकाळी कुंडीतली जास्वंद आधी काळी पडते, पाने मागून. मग मध्यरात्रीच्या गल्लीत, दिव्यापासून दूर, भिंतीवरच्या पोस्टरातला तांबडा न् तांबडा जो फोटो दाखवतो, तो कोणाच्या डोळ्याने पाहिलेला? घुबडालाही तो दिसला नसता.

दुसरा मुद्दा मला व्यक्तिशः लागणारा. म्हणतात, तुम्ही काय कमी होता? डार्करूममध्ये तुम्हीही हात फिरवत होताच की! होय, फिरवत होतो. परळच्या एका स्टुडिओत मी उमेदीची वर्षे घालवली. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती एन्लार्जरच्या उजेडात हलवायची, म्हणजे तेवढा भाग कागदावर उजळ राहतो. मुठीला भोक ठेवून त्यातून जास्तीचा उजेड पाडायचा, म्हणजे तेवढा भाग गडद होतो. पण तो हात माझा होता, आणि प्रत्येक कागदाला मला ठरवावे लागे की काय दाखवायचे आणि काय ठेवून घ्यायचे. सावलीत किती जाऊ द्यायचे हा प्रश्न विचारल्यावाचून एक प्रिंट निघत नसे. आज फोन हा प्रश्न विचारीत नाही. २०१० मध्ये ही सोय आयफोनमध्ये आली तेव्हा ती निदान बटण दाबून लावावी लागे. आता बहुतेक फोनांत ती आपोआप चालते, आणि तुम्ही काळोखाचा फोटो काढायचा म्हटले तरी यंत्र आपले उजळवून देते, आग्रही यजमानीण ‘नको नको’ म्हणत असता तूप वाढते तसे.

(इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. तीन फोटो जुळवताना हलणारी माणसे भुतासारखी अर्धवट उमटतात, आणि मग संगणक ती भुते पुसतो. त्यामुळे एचडीआरच्या दादरमध्ये धनत्रयोदशीच्या संध्याकाळीही रस्ता मोकळा दिसू शकतो. यावर मी मित्रमंडळींत पुष्कळ हशा पिकवला आहे. पण वीस-वीस सेकंद शटर उघडे ठेवून फोटो काढणाऱ्या माझ्या फिल्मवर तरी चालती माणसे कुठे राहत होती? तेव्हा हा आरोप मी मागे घेतो.)

तिसरा मुद्दा, लोकांना आवडते. यावर उत्तर नाही. लोकांना शेवेत खायचा रंगही आवडतो.

माझ्या बाजूचा सगळ्यांत मोठा साक्षीदार मात्र प्रतिपक्षाच्याच गोटातून येतो. गूगलच्या फोनमध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात ‘नाइट साइट’ नावाची सोय आली. यंत्राने एकापाठोपाठ अनेक फोटो टिपायचे, ते जुळवायचे, आणि डोळ्यालाही धड दिसत नाही अशा अंधारातून स्वच्छ चित्र काढायचे. ती करणाऱ्या मार्क लेव्हॉय आणि याएल प्रिच यांनी त्या वेळी आपली पद्धत लोकांना समजावून सांगितली. त्यांच्यापुढे अडचण अशी आली की, रात्रीचा फोटो दिवसाइतका उजळला तर पाहणाऱ्याला तो रात्रीचा वाटतच नाही. मग त्यांनी तोड कुठे शोधली? चित्रकारांकडे! रात्र रंगवताना चित्रकार शतकानुशतके सावल्या काळ्या सोडतात आणि दृश्याला अंधाराने वेढून टाकतात. उदाहरण म्हणून त्यांनी जोसेफ राइट या इंग्रज चित्रकाराचे १७६६ सालचे चित्र दाखवले. दिव्याभोवती जमलेले श्रोते, त्यांच्या चेहऱ्यांवर उजेड, आणि मागे गडद काळोख. ज्यांनी अंधार हटवण्याचे यंत्र केले त्यांनाच अंधार पुन्हा हाताने आत घालावा लागला. आमच्या कॅलेंडरवाल्याला एवढे तरी कोणी सांगायला हवे होते.

रात्रीचे शहर म्हटले की मला आठवतो तो ब्रासाई. हंगेरीत जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये येऊन राहिला आणि १९३० नंतरच्या वर्षांत रात्र रात्र त्या शहराच्या गल्ल्या धुंडाळत फिरला. शटर किती वेळ उघडे ठेवायचे याचा त्याचा हिशेब सिगारेटीवर असे. उजेड बरा असेल तर एका छापाची, आणि अंधार जास्त असेल तर दुसऱ्या, जास्त वेळ जळणाऱ्या छापाची. सिगारेट संपली की शटर बंद. धुके, ओले फरसबंद रस्ते, खांबाआड झाकलेला दिवा, आणि बाकी काळे. त्या काळ्यात काय आहे हे पाहणाऱ्याने आपले आपण ठरवायचे. त्याच्या ‘रात्रीचे पॅरिस’ या पुस्तकातले फोटो जर आज कोणी टोन मॅपिंगमधून काढले, तर भिंतीचे पोपडे दिसतील, गटाराची जाळी दिसेल, आणि पॅरिस दिसेनासे होईल.

तीच गोष्ट आपल्या टर्मिनसची. फ्रेडरिक स्टीव्हन्सने ती इमारत केली, समोरची महानगरपालिकेचीही त्याचीच. या गॉथिक कामात दगडाइतकीच सावली वापरलेली आहे. खोल कमानी, कमानींमागे व्हरांडे, कोरलेल्या प्राण्यांच्या जबड्याखालचे काळे. हे सगळे असे रचले आहे की उजेड पुढच्या कडेवर यावा आणि आत अंधार साठावा, म्हणजे इमारतीला जाडी येते. टोन मॅपिंगने त्या कमानींच्या पोटातला अंधार उपसून काढला की स्टेशन पुठ्ठ्याच्या मखरासारखे सपाट होते. २००४ मध्ये युनेस्कोने ज्याला जागतिक वारसा म्हटले त्याचे आपण गणपतीचे मखर केले!

आणि रात्रीचा रंगही शहराचा असतो, हे मुंबईकरांना कोणी शिकवायला नको. २०१५ साली मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा केवढा गदारोळ उठला! क्वीन्स नेकलेसमधले सोने गेले म्हणून लोक हळहळले, राजकारणी भांडले, कोर्टापर्यंत बोलणे गेले, आणि शेवटी पिवळसर दिवे परत आले. पांढऱ्यात वीज वाचत होती, दिसतही जास्त होते. तरी लोकांना ती आपली रात्र वाटेना. ज्या शहराने दिव्याच्या रंगासाठी एवढे भांडावे, त्याने भिंतीवर टांगलेल्या वांगी आभाळाबद्दल चकार शब्द काढू नये, याचे मला नवल वाटते.

असो. हे सगळे मी तात्त्विक भांडण म्हणून करीत राहिलो असतो, आणि लोकांनीही ते हसण्यावारी नेले असते. पण मागच्या दिवाळीत हे भांडण माझ्या घरात आले.

माझ्याजवळ एक फोटो आहे. १९८२ च्या दिवाळीतला, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा. लालबागेतली आमची चाळ, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून घेतलेली. तरुण वाचकांना सांगायला हवे की त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला होता. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते. वाद पेटला होता तो आदल्या दिवाळीच्या बोनसावरून. माझे वडील त्या अडीच लाखांतले एक. दहा महिने पगार नाही, पतपेढीचे कर्ज, भांडी एकेक करून मोडीत. चाळीतली निम्मी बायकामुले कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी पाठवलेली. एरवी दिवाळीत आमच्या चाळीकडे बघवत नसे इतके कंदील. दर दाराला एक, शिवाय जिन्यात मंडळाचा मोठा. त्या रात्री तीन मजल्यांवर मिळून मी पाच दिवे मोजले. एक नर्सबाईंच्या दारात, कारण त्यांची नोकरी इस्पितळातली. बाकीचे असेच कोणाकोणाचे. कंदील एकच, तोही आदल्या वर्षीचा, फाटलेला.

मी तेव्हा बाविशीतला. स्टुडिओच्या मालकांचा जुना याशिका मागून आणला होता, आत उटीला बनणारी ‘इंदू’ फिल्म, बारा फोटोंची. वीस सेकंद मोजून शटर उघडे ठेवले. फोटोत काय आले? काळे. मजल्यावर मजला काळ्या गॅलऱ्यांचा, आणि त्यात ते पाच दिवे. स्टुडिओत तो प्रिंट काढला तेव्हा मालक बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “यात दिसत काहीच नाही रे.” मग थोड्या वेळाने, “पण कळतं सगळं.” आयुष्यात मला मिळालेला हाच काय तो पुरस्कार.

माझी पुतणी पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. पोरगी गुणी, हौशी, फोटोही चांगले काढते. मागच्या वर्षी तिने माझी जुनी निगेटिव्ह नेली, स्कॅन केली, आणि भाऊबीजेला सगळे जमलो असताना भला मोठा, फ्रेम केलेला प्रिंट माझ्यापुढे धरला. काका, बघा! एकाच स्कॅनमधून तिने सावल्या उपसून काढल्या होत्या. तिन्ही मजले लख्ख. कठडे, दोरीवरचे कपडे, पाण्याची पिंपे, दारांवरची गेल्या वर्षीची तोरणे. फिल्मच्या दाण्यांवरही काही उपाय करून तिने ते मऊ केले होते. आभाळ करडे, आणि चाळीच्या कौलांभोवती, अर्थात, प्रभावळ. माझा धाकटा भाऊ चष्मा वर करून पाहू लागला आणि त्याने विचारले, “ही कुठली चाळ?”

त्या चाळीत तो जन्मला. तिच्या जिन्यावरून पडून त्याचा दात तुटला.

मग मी पोरीला जरा जास्तच बोललो. म्हणालो, ही संपाची दिवाळी आहे, तू तिची बोनसाची दिवाळी केलीस. ती गप्प ऐकत होती. शेवटी तिने फोटोतल्या दुसऱ्या मजल्यावर बोट ठेवले. जिन्याच्या बाजूच्या तिसऱ्या दारापुढे, कठड्याला टेकून एक बाई उभी होती. चेहरा स्पष्ट नाही, पण डोक्यावरचा पदर आणि मान किंचित डावीकडे झुकलेली. “काका, ही आजी आहे ना? तुमच्या प्रिंटमध्ये ती दिसतच नव्हती. मी तिला कधी पाहिलं नाही. मला ती अशी सापडली.”

सगळे फोटोवर वाकले. भावाच्या डोळ्यांत पाणी आले. आणि माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीची सगळी कलमे त्या एका बोटाखाली आली.

यावर माझ्याजवळ उत्तर होते, पण ते मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. मी समोरच्या गच्चीवर कॅमेरा लावत असताना आईने मला पाहिले होते. आमच्या दारातला बल्ब तोवर चालू होता. सहावा दिवा आमचाच होता. तिने मला पाहिले, मागे वळून हात वर केला, आणि बटण बंद केले. अंगावर जुनेच लुगडे, दारात कंदील नाही, आणि पोरगा फोटो काढतोय! मग ती तिथेच अंधारात उभी राहिली, माझे होईपर्यंत. वीस सेकंद ती हलली नाही, म्हणूनच तर फिल्मवर राहिली. निगेटिव्हवर ती आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. डार्करूममध्ये पुठ्ठ्याची चकती एकदा फिरवली असती तर ती वर आली असती. मी उलट तिथे मुठीतून जास्तीचा उजेड पाडला, दोनदा. तिने स्वतःसाठी केलेला अंधार होता तो.

यंत्राला हे माहीत असण्याचे कारण नाही. त्याला तो फक्त कमी उजेडाचा भाग होता, आणि कमी उजेडाचा भाग उचलायचा असे त्याला सांगितलेले आहे. पण फोटोतले काळे हे नेहमीच न जमलेले नसते, कधी कधी ते कोणीतरी मागितलेले असते, हे कळ फिरवणाऱ्या माणसाने विचारून तरी घ्यावे. माझी सगळी फिर्याद एवढीच आहे.

मी हे सांगितल्यावर पोरीने वाद घातला नाही. फराळ आवरल्यावर तिने आपला संगणक उघडला, मूळ स्कॅन काढला आणि मला शेजारी बसवले. सावल्यांची कळ ती हळूहळू खाली आणत गेली. दोऱ्यांवरचे कपडे गेले, पिंपे गेली, तोरणे गेली. दुसऱ्या मजल्यावरचा तो पदर करडा झाला, मग आहे की नाही असा झाला. तिथे तिचा हात थांबला. “अजून?” तिने विचारले. मी म्हटले, “अजून थोडं.”

तो प्रिंट आता भावाच्या घरी दिवाणखान्यात आहे. पाच दिवे आणि बाकी काळे. त्याने तो पाहताक्षणी ओळखला. आधीचा लख्ख फोटो पोरीने पुण्याला नेऊन आपल्या खोलीत लावला आहे, आजी दिसते म्हणून. त्याबद्दल मी तिला अद्याप काही बोललेलो नाही.